ताणावरची बाग आणि पाच जणींचे तेल

मत्तयाच्या शुभवर्तमानातला दहा कुमारींचा दृष्टान्त मंडळीत वर्षातून एकदा तरी वाचला जातो, आणि दर वेळी त्यातली एक गोष्ट कानावरून निघून जाते. वराला यायला उशीर झाला तेव्हा झोप दहाही जणींना लागली. शहाण्या पाच जणी डोळे ताणून बसून राहिल्या होत्या, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. त्याही पेंगल्या, त्याही लवंडल्या. फरक इतकाच, की घरून निघताना त्यांनी दिव्याबरोबर तेलाचे वेगळे भांडे घेतले होते. आत्मिक तयारी म्हटले की आपल्याला रात्रभराची प्रार्थना आठवते, मोठे उपास आठवतात, सभामंडपातला भारलेला आवाज आठवतो. दृष्टान्तात मात्र निकाल लागला तो संध्याकाळीच, काही घडत नसताना आणि कोणाचे लक्ष नसताना. तयारीचा खरा वेळ हाच, असे मला म्हणायचे आहे. पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतली थोडीशी ख्रिस्ती घरे डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. घरात मराठी, कचेरीच्या कागदावर हिंदी, दवाखान्यासाठी नागपूर आणि शेतात संत्रा, अशी ही घरे.

इथल्या बागाईतदाराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मृग बहार धरायचा असेल तर तो ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतो, बाग ताणावर सोडतो. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटते की मोटर बिघडली असावी किंवा मालकाने बागेकडे पाठ फिरवली असावी. पण त्या आठवड्यांत झाड नवी पालवी फेकणे थांबवते आणि फांद्यांमध्ये अन्न साठवते. पुढे मृगाचा पाऊस पडला की त्याच साठ्यावर फुले फुटतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात, आणि अंदाज चुकून ताण लांबला तर फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे, ताण ज्या बागेचा त्याच बागेला द्यावा लागतो. शेजाऱ्याच्या वावरातले पाणी पाइप टाकून आणता येते, त्याच्या झाडांनी सोसलेला उन्हाळा आणता येत नाही. दुसरी म्हणजे, ताणालाही माप असते. जमीन न पाहता जो शेजाऱ्याच्या तारखा पाहून पाणी तोडतो, तो झाड मारतो.

पहिल्या गोष्टीतून दृष्टान्तावरच्या एका जुन्या आक्षेपाचे उत्तर मिळते. शहाण्यांनी तेल दिले का नाही? जो प्रभू बंडी घेऊ पाहणाऱ्याला अंगरखाही देऊन टाका या शिकवणीचा, त्याच्याच गोष्टीत या आखडत्या हातांच्या मुलींचे कौतुक कसे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला टाळून जाणारे प्रवचन अपुरे राहते. तेल म्हणजे घरातली तेलाची बाटली धरली तर त्या मुली खरोखरच कंजूष ठरतात. पण काही गोष्टी द्यायच्या म्हटल्या तरी देता येत नाहीत. वीस वर्षे रोज सकाळी प्रार्थनेला बसलेल्या आईला आपली ती सवय मुलाच्या संकटाच्या रात्री त्याच्या हाती ठेवता येत नाही. ती त्याच्यासाठी प्रार्थना करील, त्याच्या उशाशी बसेल, पण त्याच्या आत जे साठलेले नाही ते ओतू शकणार नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी यांचा हिशेब आहे, आणि तिथे न देणाऱ्यांना क्षमा नाही. देता येते ते द्यायचे आणि देता येत नाही ते आधीच साठवायचे, हे दोन्ही एकाच अध्यायात एकाच तोंडून आलेले आहे.

साठा आधी करून ठेवल्याने काय होते, याचा आपल्या भाषेतला सर्वांत ठळक दाखला पंडिता रमाबाईंचा. 1887 साली बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी जी संस्था निघाली, तिने मदतीचे वचन दहा वर्षांपुरते दिले होते. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आले. मुदत संपेल तेव्हा काय, हा प्रश्न रमाबाईंनी मुदत संपण्याची वाट पाहत ठेवला नाही. पुण्याबाहेर केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. फळांच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च चालावा, एवढाच साधा हिशेब होता. मग 1896-97 चा दुष्काळ आला. तो मध्य प्रांतात फार भयानक होता, आणि छिंदवाडा जिल्हा आपल्या सौंसर तहसिलीसह तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, शहरात इतक्या जणींना ठेवणे अशक्य झाले, आणि त्या सगळ्या केडगावच्या जमिनीवर गेल्या. ती जमीन दुष्काळासाठी घेतलेलीच नव्हती. रमाबाईंना दुष्काळाचे स्वप्न पडले नव्हते की कोणी भविष्य सांगितले नव्हते. हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्या एका बाईने काही वर्षे पुढचे पाहिले, आणि तिने संत्र्या-लिंबांसाठी जी जागा धरली ती शेकडो जणींचा आसरा झाली. पुढे तिथे मुक्ती मिशन उभे राहिले, माग आले, छापखाना आला, तेलाचा घाणासुद्धा आला. (दृष्टान्ताची आठवण ठेवून नव्हे, तीनशे तोंडांना तेल लागतेच.)

इथे कोणी म्हणेल, ही तर झाली व्यवस्थापनाची हुशारी, यात आत्मिक ते काय? मला वाटते, आत्मिक आणि व्यावहारिक यांची अशी फाळणी आपणच केली आहे. 1874 साली रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपाशी गेले होते. ती भूक त्यांनी कडवटपणात मुरू दिली नाही, दुसऱ्याची भूक ओळखण्यासाठी जागी ठेवली. मध्य प्रांतातल्या बातम्या पुण्यात अनेकांनी वाचल्या असतील. गाडीत बसून तिथे गेलेले थोडे. बातमी आणि प्रवास यांच्यामध्ये जे असते ते एका दिवसात तयार होत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचे वाचन, प्रार्थना आणि स्वतःच्या जखमेची घातलेली समजूत असते.

दुसरा आक्षेप पवित्र शास्त्रातूनच येतो. उद्याची चिंता करू नका असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले. मग विहिरी खोदणे, पैसे बाजूला ठेवणे हा अविश्वास नाही का? चिंता आणि तयारी या दोन गोष्टी एकच धरल्या की हा गोंधळ होतो. चिंता करणाऱ्याचे हात रिकामे असतात आणि डोके भरलेले; तयारी करणाऱ्याचे नेमके उलटे. याची उलट बाजू इतिहासात पुष्कळ दिसते. पहिल्या शतकात थेस्सलनीकाच्या मंडळीत प्रभू आता येणारच म्हणून काही जण कामधंदा सोडून बसले होते. पौलाने, जो स्वतः तंबू शिवून पोट भरत असे, त्यांना कडक शब्दांत कामाला लावले. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही प्रभूच्या येण्याची तारीख धरली. काहींनी शेतातले बटाटेसुद्धा काढले नाहीत. ती रात्र गेली, सकाळ झाली, आणि हजारो माणसे जन्मभराची निराशा घेऊन घरी परतली. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असे प्रभू स्वतः म्हणतो, तेव्हा मोबाइलवर फिरणारे तारखांचे व्हिडिओ पाहण्यात घालवलेला तास हा तयारीचा तास धरता येणार नाही. प्रत्येक युद्धाच्या आणि भूकंपाच्या बातमीला प्रकटीकरणाचा अध्याय जोडून पाठवणाऱ्या भावांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवे.

मग रोजच्या घरात काय करायचे? सुरुवात लहान मापाने करावी. जमीन हलकी की भारी, हे आपले आपल्याला ठाऊक असते. पहाटे चारला मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाने पाचची तासभर प्रार्थना ठरवली तर ती आठवड्यात मोडेल आणि वर अपराधाची भावना उरेल. त्यापेक्षा दिवेलागणीची दहा मिनिटे धरा, पण ती सोडू नका. मार्काच्या शुभवर्तमानात सोळा अध्याय आहेत. रोज एक वाचला तर पंधरवड्याच्या थोडे पुढे ते संपते. लूकचे चोवीस आहेत, डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सुरू केले तर नाताळच्या आदल्या दिवशी शेवटचा येतो. वाचन मुलांकडून करून घ्यावे. हिंदी शाळेत शिकणारी मुले मराठी पवित्र शास्त्र अडखळत वाचतात, जोडाक्षराला थांबतात, आणि मोठ्यांना हसू येते. हसू नये. दुखण्यात, मरणात, भीतीत माणसाच्या तोंडी जी भाषा येते तिच्यात त्याला वचन माहीत असावे, यासाठी हा खटाटोप. शाळेची भाषा परीक्षेपुरती असते. आजीशी ज्या भाषेत भांडतो तीच रात्री दोनला दवाखान्याच्या बाकावर आठवते.

समेटाचे काम त्याहून अवघड. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून या, असा प्रभूचा क्रम आहे. आपल्याकडे भाऊ म्हटले की शेताचा धुरा, म्हणजे बांध, आलाच. दोन हात जमिनीसाठी पंधरा वर्षे न बोलणारी आणि तरीही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून प्रभुभोजन घेणारी माणसे कुठल्याही मंडळीत सापडतील. मोजणी होईल, निकाल लागेल, दगड गाडले जातील, सगळे खरे. पण बोलणे सुरू करायला मोजणीची गरज नसते. इथे मी न्याय सोडून द्या असे म्हणत नाही. हक्क मागावा, कागद दाखवावा, तहसिलीत जावे. पण भावाच्या घरात आजारपण असेल तर तारखेच्या आदल्या दिवशीही विचारपूस करायला जावे.

आता एक वही. सौंसर-पांढुर्ण्याचा अवघड रुग्ण बहुधा नागपूरला न्यावा लागतो. अशा वेळी मंडळीत धावपळ होते, प्रार्थनेचे निरोप फिरतात, आणि तासभर गाडीच मिळत नाही. पाळकांनी किंवा महिला मंडळाने एक साधी दोनशे पानी वही करावी: कोणाचा रक्तगट कोणता, कोणाची गाडी रात्री मिळू शकते, नागपुरात कोणाचे नातेवाईक दवाखान्याजवळ राहतात, कोणत्या घरातल्या म्हाताऱ्यांचे आयुष्मान कार्ड अजून निघालेले नाही. अडचणीच्या फंडात दर घराने महिन्याला जमेल ते टाकावे आणि हिशेब दर तिमाहीला मंडळीपुढे वाचावा. ही वही प्रार्थनेची जागा घेणार नाही. पण ती नसेल तर आपल्या प्रार्थनेतला बराचसा भाग आपणच करायला हव्या असलेल्या गोष्टी देवाकडे मागण्यात जातो.

मरणाची तयारी हा विषय आपण गीतांत मोकळेपणाने गातो आणि घरात टाळतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटच्या परिसरातली प्राचीन दगडी वर्तुळे पाहायला गेले होते. परतीच्या वाटेवर अंधारात पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. गोंड आणि इतर आदिवासी समाजांवरची त्यांची टिपणे अपुरीच राहिली. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ती 1866 साली छापून काढली. तयार असणे म्हणजे काम पूर्ण झालेले असणे नव्हे, हे या घटनेत दिसते. आपले अपुरे काम दुसऱ्याला उचलता यावे इतपत ते कागदावर असले, तरी पुष्कळ झाले. आपल्या घरांत हा कागद म्हणजे मृत्युपत्र. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो: मागे विधवा आणि मुले असतील तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, त्यात मुलगा-मुलगी सारखे. मृत्युपत्र करायचे तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेतले नामनिर्देशन, जमिनीचे कागद, विम्याची पावती आणि दफनाविषयीची इच्छा एका पिशवीत ठेवून ती पिशवी कुठे आहे हे बायकोला आणि मुलांना सांगणे, यात अध्यात्म कमी आहे असे ज्याला वाटते त्याने विधवांची विचारपूस हीच शुद्ध भक्ती मानणारे याकोबाचे पत्र पुन्हा वाचावे. आपली विधवा आपणच अडचणीत टाकून जायची आणि तिची विचारपूस मंडळीने करायची, हा कसला हिशेब?

कृपेने तारण होते, मग एवढी खटपट कशाला, हा प्रश्न लुथरन परंपरेच्या या भागात कोणीतरी विचारणारच. स्वीडनहून आलेल्या मिशनने इथे हीच शिकवण आणली आणि आजही इव्हँजेलिकल लुथरन चर्चचे मध्य प्रदेशातले मुख्यालय छिंदवाड्याला आहे. उत्तर छोटे आहे. पाऊस आपण पाडत नाही. ताण दिला म्हणून मृग बांधील होत नाही. पण ताण न दिलेल्या बागेत तोच पाऊस नुसती पाने वाढवून जातो.

राहिला शेजार. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असे सांगून लगेच सौम्यतेची आणि आदराची अट घातली आहे. आपल्या भागात या अटीला इतिहास आहे. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर असताना, 1954 साली भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली गेली आणि 1956 साली तिचा अहवाल आला. शाळा-दवाखान्यांच्या आडून आमिष दाखवले जाते, हा त्यातला मुख्य आरोप. त्यानंतर 1968 चा धर्मस्वातंत्र्य कायदा झाला आणि 2021 साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. त्यात भेटवस्तू, पैसा, नोकरी, शिक्षण यांच्या प्रलोभनावर शिक्षा आहे, आणि धर्मांतराआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे. ती न्यायालयातही गाजली. त्या अहवालावर आणि या कायद्यांवर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण मदतीला गळ लावू नये, हे शिकायला कायद्याची गरज पडायला नको होती. शेजाऱ्याला दिलेल्या धान्यात पत्रिका ठेवू नका. त्याने विचारले तर मात्र गप्प बसू नका. दोन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. ती दोन वाक्ये आधी मनाशी जुळवून ठेवा. तेही तेलच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव दोन काठांवरून गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, करतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. प्रशासन उपचाराची केंद्रे उघडते, रुग्णवाहिका उभ्या करते. ख्रिस्ती माणसाने त्या दिवशी काय करावे? घरात बसून दुसऱ्यांच्या रूढीवर टीका करणे सोपे आहे, आणि समोरच्यांना ती आधीच पाठ असते. त्यापेक्षा मंडळीतल्या नर्स आणि कंपाउंडर मंडळींनी आठवडाभर आधी आरोग्य विभागाकडे नावे द्यावीत, तरुणांनी रक्तदान करून ठेवावे, आणि ज्यांना यातले काही जमत नाही त्यांनी पिण्याच्या पाण्याचे कॅन भरून द्यावेत. कपाळ फुटून आलेला मुलगा कुठल्या काठाचा हे विचारू नये. चर्चचे नाव लिहिलेला फलकही लावू नये. पुढे कधी कोणी विचारलेच, तर ती दोन वाक्ये आहेतच.

सुरुवात केव्हा करावी, याबद्दल माझे मत मंडळीच्या दिनदर्शिकेपेक्षा थोडे वेगळे आहे. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, तयारीसाठीच नेमलेला आहे. पण आपल्याकडे त्या दिवसांत आंबिया बहाराचा माल तुटत असतो. व्यापारी दारात असतो, ट्रक उभा असतो, मजुरीचा हिशेब अर्धवट असतो. नवी सवय अशा गर्दीत रुजत नाही. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, डिंक्या लागू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांना बोर्डो लावायचे असते. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र ओतायचे, आणि ब्रश घेऊन ओळीने एकेका बुंध्यापाशी बसत जायचे. त्याच आठवड्यात मार्काचा पहिला अध्याय काढा, आणि वहीच्या पहिल्या पानावर आपल्या घरातल्यांचे रक्तगट लिहा.